आराखडेबाई

आराखडेबाईंना आजचा दिवस फारसा दिसत नसे. चहा कसा झालाय हे त्या कधी बोलल्या नाहीत, पण कँटीनवाल्या काकांना एकदा त्यांनी सहज विचारलं, "तुमच्यानंतर हे कँटीन कोण बघणार?" आपल्याला काढताहेत या समजुतीने काकांच्या तोंडचं पाणी पळालं. नवे प्राचार्य खुर्चीत पुरते टेकलेही नव्हते, त्यांनाही बाईंनी हाच प्रश्न विचारला होता. माझ्या लग्नात तर त्यांनी कमाल केली. बाकीचे लोक नवरीला आशीर्वाद देत होते आणि बाई तिला विचारत होत्या, मुलं जव्हारच्या शाळेत घालणार की बाहेर ठेवणार? माझी बायको अजून त्यावरून मला टोमणे मारते.

त्यांचं आडनाव निराळंच होतं. मूळच्या नाशिकच्या, अर्थशास्त्र शिकवायच्या, लग्न केलेलं नव्हतं. जव्हारहून मोखाड्याकडे जाताना लागणारं आमचं छोटं कॉलेज आणि कॉलेजमागच्या वस्तीतल्या दोन भाड्याच्या खोल्या, एवढाच त्यांचा संसार. मी त्या कॉलेजात कारकून. कॉलेजच्या पुढच्या दहा वर्षांचा आराखडा करायचं काम बाईंकडे आलं ते दुसऱ्या कुणालाच नको होतं म्हणून. तपासणीला समिती यायची असली की असा आराखडा दाखवावा लागतो, एरवी तो कपाटात असतो. आधीचा आराखडा कुणीतरी मुंबईच्या एका कॉलेजचा आणून दिला होता आणि नाव बदलून मी तो टाइप केला होता. बाईंनी तो वाचायला घेतला आणि हसत सुटल्या. डोंगरातल्या आमच्या कॉलेजने दर वर्षी समुद्रकिनाऱ्याची स्वच्छता करायचं त्यात ठरवलं होतं. हसून झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "भाऊसाहेब, आपण आपला करू." त्या दिवसापासून स्टाफरूममध्ये त्यांना आराखडेबाई म्हणू लागले आणि त्यांचा मजकूर टाइप करायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

आराखडा लोकांना विचारून करायचा, हा त्यांचा हट्ट. प्राध्यापकांनी नाकं मुरडली. पण बाई निघाल्या आणि सोबत मलाही घेतलं. दिवाळी नुकतीच झाली होती. वावर, वांगणी या गावांच्या बाजूला जीप जिथवर जाईल तिथवर गेलो आणि पुढे पाड्यावर चालत गेलो. पाडा मोकळा. दारांना कड्या, अंगणात कोंबड्यासुद्धा नाहीत. एका ओट्यावर एक म्हातारी नागली पाखडत बसली होती. आम्ही कॉलेजातून आलोय, सगळ्यांशी बोलायचंय, असं बाईंनी सांगितल्यावर ती म्हणाली, "सगली जगाया गेली, बाय. आता होलीला ये, तवा माणसं भेटतील."

आमच्याकडे दिवाळीनंतर घरंच्या घरं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, त्याला जगायला जाणं म्हणतात. मी जव्हारचा, मला हे माहीत होतं. पण माहीत असणं आणि लक्षात येणं यात अंतर असतं. परतीच्या वाटेवर बाई म्हणाल्या, "कॉलेजचं दुसरं सत्र दिवाळीनंतर सुरू होतं आणि आपली मुलं तेव्हाच गावात नसतात. आपण शिकवतो कुणाला?"

तेव्हापासून आमच्या कॉलेजची नियोजनाची बैठक होळीच्या दुसऱ्या दिवशी भरायला लागली. होळीला भट्टीवरची माणसं कशीही करून घरी येतात आणि दोन-तीन दिवसांनी परत जातात. सुट्टीच्या दिवशी कॉलेज उघडायचं म्हणून शिपाई कुरकुरायचा. व्हरांड्यात माणसं बसत, बाई त्यांच्यात खाली बसत आणि विचारत, "दहा वर्षांनी तुमच्या पाड्यावरून कोणकोण कॉलेजात येईल?" पहिल्या वर्षी सगळे हसले. एकजण म्हणाला, "आमाला आवणीपातूर ठाव. पुढचा कोन बघला?" भाताची आवणी म्हणजे जेमतेम चार महिन्यांवरची गोष्ट. ज्या पाड्यांनी एके काळी आपली लेकरं भुकेनं एकामागून एक जाताना बघितली, तिथल्या माणसांना दहा वर्षांचं विचारणं सोपं नव्हतं. बाईंना ते कळत होतं. तरी त्या दर होळीला विचारत राहिल्या आणि हळूहळू माणसं नावं सांगू लागली.

बाईंच्या आराखड्यात पहिली गोष्ट होती मुलींच्या राहण्याची सोय. आईबाप भट्टीवर जावोत, मुलगी इथे राहून परीक्षा देईल, असा त्यांचा हिशोब. पत्रव्यवहार करून, संस्थेच्या मागे लागून त्यांनी कॉलेजजवळ चार खोल्या मिळवल्या. खाटा आल्या, गाद्या आल्या, मुली राहायला आल्या. बाईंना इतक्या खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत मुली घरी गेल्या आणि सुट्टी संपली तेव्हा निम्म्याहून जास्त खाटा रिकाम्या राहिल्या.

वावरकडची यमुना न परतलेल्यांतलीच. अभ्यासात हुशार, बोलायला तुटक. होळीला ती आली तेव्हा बाईंनी तिला समोर बसवलं. राहायची सोय होती, जेवण होतं, मग गेलीस का? यमुना म्हणाली, "मी ऱ्हायले तर जयूला कोण बघंल? आई विटा पाडते, बा माती कालवतो. ती मोकली सुटली तर भट्टीच्या आगीकडं जाते." जयू म्हणजे तिची धाकटी बहीण, चार-पाच वर्षांची. बाईंनी हिशोबात मुलगी एकटी धरली होती. घरात मुलगी एकटी नसते, तिच्या कडेवर कुणीतरी असतं.

दुसऱ्याच दिवशी बाईंनी मला नवीन कलम टाइप करायला सांगितलं: मुलींच्या वसतिगृहात लहान भावंडांसाठी एक खोली आणि त्यांना सांभाळायला एक बाई. मी म्हटलं, "बाई, हे मंजूर व्हायचं नाही." त्या म्हणाल्या, "तुम्ही टाइप करा, नामंजूर करायला माणसं आहेत." आणि ती होतीच. संस्थेच्या बैठकीत अध्यक्षांनी विचारलं, "बाई, आपण कॉलेज काढलंय की पाळणाघर?" बाई म्हणाल्या, "पाळणाघर नसेल तर कॉलेज कुणासाठी काढलंय, ते सांगा." अध्यक्ष हसले, इतर सभासदही हसले आणि खोलीचा विषय बाजूला पडला. त्या बैठकीत मंजुरी मिळाली ती कॉलेजच्या फाटकावरच्या कमानीला.

मग बाईंनी त्यांच्या स्वभावात न बसणारी गोष्ट केली. दहा वर्षांचं बाजूला ठेवून त्यांनी त्या वर्षाचं पाहिलं. दिवाळी झाल्यावर यमुनाला आणि जयूला त्यांनी आपल्या दोन खोल्यांत आणलं. आयुष्यभर एकट्या राहिलेल्या बाईंच्या घरात एक पोर दिवसभर हुंदडू लागलं. बाईंना नागलीची भाकरी थापता येईना, ती तव्यावर जाईपर्यंत तुटायची. यमुना त्यांना शिकवायची आणि जयू तुटलेले तुकडे खायची. वर्गात यमुना पुढे बसायची आणि जयू बाईंच्या टेबलाखाली खडूने रेघा ओढायची. बाईंनी तिलाही सोडलं नाही. "तू कशात बी.ए. करणार?" जयूने फार विचार न करता सांगितलं, "भाकरीत." बाईंनी ते सगळ्या स्टाफला सांगितलं आणि दर वेळी सांगताना त्यांना डोळे पुसायला लागत. त्या वर्षी यमुना पहिल्या वर्गात पास झाली. तिचा बाप भट्टीवरून पेढे घेऊन आला होता.

पुढच्या दिवाळीत बाईंच्या पोटात दुखायला लागलं. त्यांनी अंगावर काढलं. भाचा येऊन त्यांना नाशिकला घेऊन गेला तेव्हा त्या मला म्हणाल्या, "आठवड्यात येते. यमुनाला सांगा, थांब म्हणावं." आठवडा गेला, दुसरा गेला. यमुना जयूला घेऊन दोनदा आली आणि बाईंच्या दाराचं कुलूप बघून परत गेली. मी प्राचार्यांना म्हटलं, तेवढे दिवस जयूला वसतिगृहात राहू द्या. ते म्हणाले, नियमात बसत नाही, उद्या पोरीला काही झालं तर जबाबदार कोण? यमुनाचा बाप आला तेव्हा मी त्याला म्हणालो, दोघींना माझ्या घरी ठेवा. तो भला माणूस, मला वाईट वाटू नये म्हणून हळू आवाजात बोलला, "तुमचा घर आमाला ठाव नाय, भाऊसायब. बायचा ठाव हाय." भट्टीवर माणसं नेणाऱ्या मुकादमाचा ट्रक पाड्याखालच्या रस्त्यावर येऊन उभा होता. त्यात सगळे चढले.

मी नाशिकला दवाखान्यात गेलो तेव्हा बाई ओळखू येत नव्हत्या. अंगावर मांस राहिलं नव्हतं. माझ्याकडे बघून त्यांनी सगळ्यात आधी विचारलं, "यमुना वर्गात येते ना?" खोटं बोलायचं ठरवून गेलो होतो, पण तोंडून खरं तेच निघालं. त्यांनी डोळे मिटले. भाचा बाहेर गेल्यावर म्हणाल्या, "चूक माझी झाली, भाऊसाहेब. खोली कागदावर राहिली आणि पोरींचा भार मी माझ्या अंगावर घेतला. माणूस पडला की सगळंच पडतं. शहाणपणा इतरांना शिकवत फिरले." मी म्हटलं, तुम्ही बऱ्या व्हा, होळीची बैठक घ्यायची आहे. त्यांनी प्यायला पाणी मागितलं. बाईंनी पुढच्या दिवसांबद्दल काहीच विचारलं नाही, असं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

माघात बाई गेल्या. कॉलेजात शोकसभा झाली. प्राचार्य चांगलं बोलले, अध्यक्ष त्याहून चांगलं बोलले, बाईंच्या दूरदृष्टीचा गौरव झाला. टाळ्या वाजवायच्या नसतात म्हणून वाजल्या नाहीत, एवढंच. हॉलमध्ये आम्ही नोकरीतली माणसं आणि जव्हारमधली मुलं. ज्यांच्यासाठी बाई झिजल्या ते सगळे भट्ट्यांवर होते. त्यांना कोण कळवणार? कुठल्या भट्टीवर कोण आहे, हे बाईंनाच माहीत असायचं.

होळी झाली. दुसऱ्या दिवशी कॉलेजला सुट्टी होती. बैठक ठरलेलीच नव्हती, पण मला घरात राहवेना, म्हणून किल्ली घेऊन गेलो. फाटकापाशी माणसं आधीच येऊन बसली होती. कुणी खोडाळ्याकडून आले होते, कुणी वांगणीकडून. यमुना होती, तिचं बोट धरून जयू. यमुना पुढे आली आणि म्हणाली, "बाई आल्या का नाशकातून?"

मी सांगितलं. कसं सांगितलं ते मला आठवत नाही. बायका डोक्यावरचा पदर तोंडाला लावून रडायला लागल्या, पुरुष उन्हात नुसते उभे राहिले. यमुनाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. ती माझ्यामागे ऑफिसात आली आणि जयूला स्टुलावर बसवून उभी राहिली. मी म्हटलं, तुझा फॉर्म पुन्हा भरू, परीक्षा पुढच्या वर्षी देता येईल. मी करतो खटपट.

"माझा ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "औंदा लगीन लावायचा म्हणतात. आईला पुन्ना दिवस गेलेत, भाऊसाहेब. मी गेले का ते पोर जयूच्याच कडेवर येनार, अन् त्याच्यामागून आनखी येतील. जयू कॉलेजात येईल तवर ती खोली झाली पायजे. बाईंनी लिवलेला काढू नका."

मी कॉम्प्युटर सुरू केला. यमुना शेजारी उभी राहून सांगत गेली. खोलीला पाणी जवळ पाहिजे. कडी उंच पाहिजे, लहान पोरं दार उघडून बाहेर जातात. सांभाळणारी बाई पाड्यावरचीच ठेवा, नाहीतर पोर रडून आजारी पडतं. मी सगळं टाइप केलं. जयूच्या कॉलेजात यायच्या वर्षापर्यंत किती वर्षं उरतात ते तिनेच बोटांवर मोजलं आणि मला सांगितलं. मी तिला विचारलं, "आणि तू? तुझं काय लिहू?"

"माझ्या वक्ताला नाय जमायचा," ती म्हणाली. "तिच्या वक्ताला जमंल."

मग तिने जयूला स्टुलावरून उतरवलं आणि दोघी निघाल्या. त्यांना भट्टीवर परत न्यायला ट्रक संध्याकाळी येणार होता.