मोरचुदाचे दोन घोट

आमच्या घरात पाणी वरून प्यायची शिस्त. लोटीला ओठ लागला की उष्टं! काय ते सोवळं! त्या सोवळ्यानेच माझ्या काकाचा घात केला, असं मी आजही म्हणते. कुणाला राग आला तर येवो.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. श्रीवर्धनला आमची सुपारीची वाडी होती. पावसात सुपारी कुजून गळते, म्हणून मोरचूद आणि चुना मिसळून फवारायचा. मोरचुदाचं निळं पाणी लोखंड खातं, तेव्हा ते मडक्यातच भिजत घालायचे. त्या दिवशी ते मडकं पिण्याच्या पाण्याशेजारी ठेवलं गेलं. काका म्हणजे वडिलांचा धाकटा भाऊ, मुंबईहून खास फवारणीसाठी आलेला. वाडीत भर दुपारीही अंधारच. त्याने लोटी बुडवली, मान वर केली आणि धार थेट घशात सोडली. चव कळेपर्यंत दोन घोट पोटात गेले होते.

ओटीवर आणला तेव्हा निळ्या ओकाऱ्या चालल्या होत्या. डॉक्टर म्हसळ्याला गेलेले. कंपाउंडर म्हणाला, "दूध पाजा, भरपूर. नाहीतर अंड्यातलं पांढरं. आत्ताच्या आत्ता!"

दूध कुठलं? श्रावणी सोमवार! अख्ख्या आळीचं दूध सकाळीच शंकराच्या पिंडीवर ओतून झालेलं. गडी लांबच्या गोठ्यांकडे पळाला. कुंपणापलीकडच्या मुसलमान घरातल्या खाला मात्र पदरात अंडी घेऊन उभ्या होत्या.

"माझ्या घरात अंडं येणार नाही," वडील म्हणाले. "दूध येतंच आहे."

"दादा, मुंबईत मी खातो अंडी," काका कण्हत म्हणाला.

वडिलांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आई नुसती आतबाहेर करत होती. त्या काळी नवऱ्यापुढे तोंड कोण उघडणार? मला अजून चीड येते. त्यांची, तिची, सगळ्यांचीच. आणि मग रडू येतं.

दूध आलं ते दिवेलागणीला, पातेलीभर. पाजलं तेवढं उलटून पडलं. काकाचे हातपाय गार पडत चालले होते. तेव्हा आई उठली. कुणालाही न विचारता कुंपणाशी गेली, अंडी आणली, ओटीवरच फोडली आणि पांढरं चमच्याने त्याच्या तोंडात घातलं. ते ओठांतून बाहेर आलं. तिने पुसलं, पुन्हा घातलं.

वडील बघत होते. एकदम अनवाणीच कुंपणाकडे धावले. जन्मात ज्यांच्याशी कधी बोलले नव्हते, त्या खालांना म्हणाले, "भाभी, आणखी असतील का हो?"

तोवर इकडे आईने काकाचे डोळे मिटले होते.