म्युरिएलचे दात

माझ्या आजीचे, हिल्डाचे, सगळे दात एकाच दुपारी काढले. तेव्हा ती एकवीस वर्षांची होती आणि एकही दात किडलेला नव्हता. आमच्या बेकपमध्ये, इंग्लंडातल्या त्या गिरणीगावात, त्या काळी लग्नाआधी मुलीचे दात काढून कवळी बसवून द्यायचे. बापाकडून लग्नाची भेट, म्हणजे पुढे नवऱ्याच्या डोक्याला दातांच्या खर्चाचा ताप नाही. आजीच्या बापाला हे सुचलंसुद्धा नव्हतं. सुचवलं ते होणाऱ्या नणंदेनं, म्युरिएलनं. "आमच्याकडे येताना सगळं उरकूनच ये बाई," म्हणाली, आणि त्या दुपारी दवाखान्याबाहेर टॉफी चघळत बसली.

स्वतःचे दात मात्र तिनं जपले. दर नाताळला आजीसमोर बसून कडाकड अक्रोड फोडायची आणि लाडिक आवाजात विचारायची, "हिल्डा, तुला बारीक करून देऊ का गं?"

आता दोघी रोझबँक वृद्धाश्रमात, समोरासमोरच्या खोल्यांत. आजीचे पाय गेलेत, हात शाबूत आहेत. कवळी ती स्वतःच घासते, बेसिनमध्ये पाणी भरून, म्हणजे हातातून निसटली तरी फुटत नाही. म्युरिएलची उजवी बाजू अर्धांगाच्या झटक्यानं गेली आणि बोलणंही गेलं. दात आहेत, पण घासणार कोण? घास गालात अडकून राहायचा, हिरड्या सुजायच्या, तोंडाला वास मारायचा. मदतनीस डोना ब्रश नाचवत जायची, "आ करा बघू, राणी! आऽऽऽ!" राणी ओठ घट्ट मिटायची, नाहीतर चावायला धावायची.

"मी घासते," आजी म्हणाली.

मॅनेजर मिसेस पिकप गहिवरल्या. "अगंबाई, हिल्डा, किती हो मोठं मन तुमचं!"

कसलं मोठं मन! आजीनं चाकांची खुर्ची बाजूला लावली, बोटानं गाल अलगद ओढला, मऊ ब्रशवर वाटाण्याएवढी पेस्ट घेतली आणि सुरू झाली. "हा सुळा ना, म्युरिएल? माझा इथलाच पहिला काढला. तू काय करत होतीस तेव्हा? टॉफी खात होतीस. हलू नकोस, हिरडीला लागेल." दर दाताला एक गोष्ट. लग्नाच्या फोटोतलं मिटलेलं तोंड. पहिल्या रात्री उशीखाली लपवलेली कवळी. म्युरिएलच्या तोंडात नुसता फेस.

डोना दारातून म्हणाली, "बघा, कशा गप्पा रंगल्यात!"

काम मात्र आजीचं चोख. हिरड्यांचं रक्त थांबलं, वास गेला. "एकही सडू देणार नाही," ती मला म्हणाली. "दात गेले तर मी बोलू कशावर?"

मग एका सकाळी गाडी अक्रोडांवर आली. आजीनं तोच लाडिक आवाज काढला, "म्युरिएल, तुला बारीक करून देऊ का गं?"

म्युरिएलचे दात कचकन मिटले. आजीच्या बोटातून रक्त. मिसेस पिकप धावत आल्या. "बंद! एकदम बंद! उद्यापासून डोनाच घासेल."

बोटाचं आजीला काहीच नव्हतं. "अगं, पण मागच्या दाढा राहिल्या ना!" ती मला म्हणाली. ताटावरून उठवल्यासारखा चेहरा झाला होता.

डोनासमोर म्युरिएलनं तोंड उघडलंच नाही. आठवड्यात गाल सुजला, वास परत आला, जेवण सुटलं. ही घाण छातीत उतरली तर न्यूमोनिया होईल, असं डॉक्टर म्हणाले. शेवटी मिसेस पिकप आजीच्या दारात येऊन घुटमळल्या. "हिल्डा... तुम्ही जरा... बघता का?"

"बोट ठणकतंय हो अजून," आजी म्हणाली. "आणि तिनं बोलावल्याशिवाय मी कशाला जाऊ?"

समोरच्या खोलीतून म्युरिएल बघत होती. मग चांगला असलेला डावा हात उचलून तिनं बोटं हलवली. ये.

आजीनं केस सारखे केले, कवळी बसवली आणि खुर्चीची चाकं फिरवत गेली. म्युरिएलनं कुणी न सांगता आ केला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, आता आजीही विरघळणार.

"अजून मोठा," आजी ब्रश ओला करत म्हणाली. "मागच्या दाढांना तुझ्या आईची गोष्ट घेऊ. सासूबाई राहिल्यात अजून."