फिलूची झोप

"आंटी, आई उठत न्हाय." गेल्या महिन्यात एका दुपारी ग्रेसीचा फोन आला आणि ती एवढंच म्हणाली. ग्रेसी म्हणजे माझ्या मैत्रिणीची, फिलोमिनाची सून. 'गेली' नाही म्हणाली, 'वारली' नाही म्हणाली… उठत नाही. मी गॅस बंद केला, पर्स उचलली आणि चपला घालायला विसरून लिफ्टपर्यंत गेले. भाईंदर पूर्वेहून उत्तनला जायचं म्हणजे पूल ओलांडून पश्चिमेला उतरायचं, मग मुर्धा, राई, मोर्वा करत शेवटपर्यंत. रिक्षावाला विचारत होता, मॅडम, चर्च के पास छोडूँ या आगे? मी नुसतं पुढे बोट दाखवलं. अंत्यविधीला आलेली माणसं मग म्हणत राहिली की झोपेतच गेली, काही कळलंसुद्धा नसेल, पुण्यवान बाई. मी मान हलवत होते आणि आतून चिडत होते. अरे, तुम्हाला काय माहीत! झोपेतून उठायचं राहून जाईल, या एकाच गोष्टीला ही बाई आयुष्यभर घाबरत आली होती. कोणासाठी ते चांगलं मरण असेल, फिलूसाठी नव्हतं. ती शेवटी घाबरली होती का, एवढा एकच प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे.

आम्ही दोघी एकाच शाळेत होतो. मी मराठी शिकवायचे, ती शिवण. उत्तनच्या कोळ्यांची मुलगी, आवाज असा खणखणीत की तिच्या वर्गातलं सगळं माझ्या वर्गात ऐकू यायचं. शाळेच्या मागच्या बाजूला एकदा साप निघाला तेव्हा आमचा शिपाई बाकावर चढून बसला होता आणि हिने कापड मोजायच्या पट्टीने तो साप कुंपणाबाहेर काढला, वर शिपायाला सांगितलं, उतरा आता, घंटा द्यायची वेळ झालीय. शाळेत ती अगदी शुद्ध बोलायची, साहेब तपासणीला आले की माझ्याहून शुद्ध. पण घाबरली की ते सगळं गळून पडायचं आणि तिच्या आईची भाषा बाहेर यायची. मला ती भाषा फारशी ऐकायला मिळाली नाही. झोपेचा विषय निघाला तरच. सहलीहून परतताना बसमध्ये आम्ही सगळ्या बायका तोंडं उघडी टाकून घोरायचो आणि ही खिडकीला कपाळ टेकून टक्क जागी. "तू झोप, मी बघते," म्हणायची. काय बघायची देव जाणे. मी थट्टा करायचे की तुला वॉचमनची नोकरी शोभली असती, आणि ती हसून विषय बदलायची.

निवृत्तीनंतर तिच्या पोटात गाठ निघाली. मीरा रोडच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की वाढतेय, काढायला हवी, थांबण्यात शहाणपण नाही. हिने विचारलं, भूल देणार? ते म्हणाले, अर्थात. झालं! फाइल कपाटात साड्यांखाली गेली. मुलगा वॉल्टर बोटीवर, तो तिथून फोनवर ओरडायचा आणि ही फोन टेबलावर ठेवून मासे साफ करायला जायची. ग्रेसीने माझे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले होते. मी रागावून पाहिलं, अबोला धरून पाहिला, ती ढिम्म हलेना. "भूल घेऊन मी न्हाय जायची," एवढं एकच वाक्य. दिवस जात होते आणि गाठ काही आमच्या भांडणासाठी थांबली नव्हती. तेवढ्यात आमच्या सोसायटीतल्या बायकांनी एक सहल ठरवली. रात्रीच्या गाडीने संभाजीनगर गाठायचं आणि मग बसने एका दिवसात शहरदर्शन आणि लोणार सरोवर, सोबत गाइड. मी फिलूचं नाव परस्पर घातलं. माझा डाव साधा होता. घरात ती उठून स्वयंपाकघरात जाते, बसच्या सीटवरून उठून जाणार कुठे?

सकाळी बीबी का मकबरा. थंडी सरत आली होती, ऊन छान होतं, बायका फोटो काढत होत्या. फिलूने वर जाऊन कबरीकडे वाकून पाहिलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी जे बोलणार होते ते गिळलं. "मेलेल्या बाईचं घर दाखवायला आणलंस होय मला?" खरंच, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पाणचक्कीला मात्र हौदातले मासे बघून ती खुलली. एवढे मोठे मासे आणि कोणी खात नाही, याचं तिला फार वाईट वाटलं. गाइड गजानन नावाचा, मूळचा लोणारचाच, बोलघेवडा माणूस. सगळ्यांना काकू म्हणायचा आणि प्रत्येक दरवाजाची गोष्ट सांगताना स्वतःच आधी हसायचा. शहर सुटल्यावर लांबचा रस्ता होता. जालना मागे पडलं तसा मी विषय काढला. ती म्हणाली, चकली घे. थोड्या वेळाने परत काढला. चिवडा घे. मग तिने माझा हात दाबला आणि हळूच म्हणाली, वीणा, आज नको… आणि मला कळलं की तिला माझा डाव घरून निघतानाच कळला होता.

गजाननने आधी धाकटं तळं दाखवलं. मोठा मारुती आहे, आडवा झोपलेला, त्याच्या जवळच ते छोटं विवर. आकाशातून जो दगड पडला त्याचाच एक तुकडा इथे पडला असं म्हणतात, असं त्याने सांगितलं. मग मोठं सरोवर. काठावर उभं राहिलं आणि आमची बडबड आपोआप थांबली. जमीन एकदम खचून खाली गेलेली, चारी बाजूंनी झाडी, आणि तळाशी ते हिरवं पाणी, जराही न हलणारं. फिलू एक पाऊल मागे सरकली. वारा न्हाय इथे, म्हणाली. तिचं अर्धं आयुष्य समुद्रासमोर गेलेलं, पाणी हलत नाही हे तिला सहनच होईना. खाली उतरताना झाडीत माकडं होती, बिबट्याही असतो असं गजानन हसत हसत म्हणाला. मला काही हसू आलं नाही. पाण्याजवळ सडक्या अंड्यांसारखा वास येत होता. पाणी खारं आहे आणि त्यात एकही मासा नाही, हे ऐकल्यावर फिलूचा चेहरा पार उतरला. खारं पाणी आणि मासा न्हाय, हे तिच्या डोक्यात बसेचना. देवळाच्या पायऱ्यांवर बायका टेकल्या. गजाननने पुन्हा पुन्हा बजावलं होतं की वाट सोडू नका, काठाला चिखल आहे. फिलू चिखलाकडे गेलीच नाही. ती गेली मिठाकडे.

काठावर पांढरा थर होता. तिची आई भाईंदरच्या मिठागरावर कामाला जायची आणि ही लहानपणी तिच्यामागून अनवाणी. मिठागराची जमीन पायांनी चोपून चोपून टणक केलेली असते, तिच्यावर पांढरं आलं की पोरांनी खुशाल धावावं. फिलूच्या पायांना हेच ठाऊक होतं. मी हाक मारेपर्यंत ती त्या पांढऱ्यावर चार पावलं गेली आणि मग तिची उंचीच कमी झाली. आधी मला वाटलं बसली. मग पाहिलं तर गुडघे दिसत नव्हते. ती पाय उपसायला लागली आणि आणखी आत गेली, मांडीपर्यंत. मी ओरडले का नाही आठवत नाही, पण गजानन धावत आला आणि त्याचा हसरा चेहरा पार बदललेला होता. काकू, पाय मारू नका, मागे रेला, बसल्यासारखं करा, असं तो सांगत होता. मी पालथी पडून माझी ओढणी तिच्याकडे फेकली. तिने ती मनगटाला गुंडाळली. तोंडाला रंग नव्हता. ती माझ्याकडे बघून अगदी हळू म्हणाली, "खाली काय न्हाय गं… वीणा, पाय टेकत न्हाय."

ते वाक्य मला अजून रात्री ऐकू येतं. मी म्हटलं, तू मागे रेल, मी आहे. ती म्हणाली, "बोलत रहा. तुझा आवाज थांबवू नको." आणि मी बोलत राहिले. काय बोलले? भाईंदरच्या केबिन रोडवर घेतलेला गाऊन एका धुण्यात कसा विटला ते. त्या दुकानदाराला मी काय सुनावलं ते. गजाननने आणि ड्रायव्हरने एक लांब फांदी तिच्या पाठीमागून सरकवली, तिने त्यांचं ऐकून अंग सैल सोडलं, आणि एकेक पाय सुटत ती बाहेर आली. दोन्ही चपला आत राहिल्या.

वर चढताना ती एका दगडावर बसली आणि तेव्हा पहिल्यांदा मला तिच्या आईबद्दल सांगितलं. लहानसं ऑपरेशन होतं. आई म्हणाली, मी जरा झोपून उठते, तू इथे बाकावर बस, हलू नको. मुलगी हलली नाही. संध्याकाळपर्यंत नर्स येत-जात राहिल्या, कोणी तिला काही सांगितलं नाही, आणि मग मामा आला आणि त्याने तिला उचललं. तेव्हापासून तिला वाटायचं की भूल म्हणजे पायाखालचं सगळं काढून घेणं. "आज तसंच झालं," ती म्हणाली. "सगळं गेलं पायाखालचं. तरी वर आले ना?" मग चिखलाने भरलेला हात माझ्या गुडघ्यावर ठेवून म्हणाली की करू ऑपरेशन, पण आत नेईपर्यंत तू बोलायचं. इतके दिवस जिच्यासाठी मी डोकं आपटत होते ती गोष्ट अशी मिळाली आणि मला आनंद व्हायच्या ऐवजी भीतीच वाटली. आता काही वाईट झालं तर ते माझ्या हट्टाने झालेलं असणार होतं.

ऑपरेशनच्या दिवशी मी तिच्या स्ट्रेचरबरोबर चालत बोलत होते आणि दारापाशी आल्यावर माझ्याकडचं सगळं संपलं. काहीच सुचेना. मग मी घोडबंदर रोडचे स्टॉप म्हणायला लागले. काशीमिरा, चेणे, वरसावे… तेवढ्यात ती म्हणाली, वरसावे आधी येतं, मग चेणे, इतकी वर्षं राहून काय उपयोग तुझा! नर्स हसली आणि दार बंद झालं. मी बाहेर बाकावर बसले आणि माझ्या लक्षात आलं की मीही हलत नाहीये. संध्याकाळी ती उठली. तिच्या तोंडून पहिला शब्द 'वीणा' नव्हता, 'पाणी' होता, आणि मी कॉरिडॉरमध्ये जाऊन ढसाढसा रडले.

त्यानंतरची दोन-अडीच वर्षं चांगली गेली. तपासण्यांच्या आधी जीव टांगणीला लागायचा, पण गाठ परत आली नाही. शेवटी हृदय बंद पडलं असं डॉक्टर म्हणाले. महिना भरल्यावर चर्चमध्ये तिच्यासाठी झालेल्या मिस्सेनंतर मी त्यांच्या घरी थांबले, तेव्हा ग्रेसीने मला फिलूच्या खोलीत नेलं आणि जे तिने अजून वॉल्टरलाही सांगितलं नव्हतं ते सांगितलं. लग्न करून ती या घरात आली तेव्हापासून या खोलीचं दार तिने कधी बंद पाहिलं नव्हतं. समुद्राच्या वाऱ्याने ते आपटू नये म्हणून फिलू त्याला मासे धरायच्या जाळ्याला बांधतात ते एक जुनं, जड शिसं लावून ठेवायची. झोपायची तेव्हा तर हमखास. त्या दुपारी मात्र तिने स्वतः ते शिसं बाजूला केलं आणि दार ओढून घेतलं. ग्रेसी बाहेर टीव्ही बघत होती. तिने पाहिलं आणि तिला वाटलं, आवाजाचा त्रास होत असेल. "आंटी, टीव्ही मोठा होता," ग्रेसी म्हणाली. "आईने हाक मारली असंल… आणि मला ऐकू आलं न्हाय, तर?"

मी इतके दिवस ती घाबरली का एवढाच विचार करत होते, घाबरून हाक मारली का हा विचार माझ्या मनात आलाच नव्हता. दार तिने भीती संपली म्हणून लावलं, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण कोणाला ठाऊक? मी ग्रेसीला म्हटलं, जा, तसाच टीव्ही लाव, आणि दार ओढून घे.

ती गेली. मी फिलूच्या पलंगावर आडवी झाले. दार लागल्यावर खोली एकदम लहान झाली. टीव्हीवर कोणीतरी भांडत होतं. क्षणभर वाटलं की आपला आवाज निघणारच नाही. मग मी हाक मारली, "ग्रेसी." पावलं वाजली, दार उघडलं. आलं ऐकू, ती म्हणाली, पण तिचा चेहरा तसाच होता. तुम्ही मोठ्याने मारलीत, आईला झोपेत एवढं जमलं नसंल, अजून हळू मारा. परत दार लागलं. मी अगदी हळू मारली, उशीला ऐकू जाईल एवढी. ती आली. अजून हळू, म्हणाली. आता ती रडत होती.

तिसऱ्यांदा दार लागलं तेव्हा मी हाक मारलीच नाही. छताकडे बघत पडून राहिले. थोड्या वेळाने दार उघडलं आणि ग्रेसी चौकटीत उभी राहिली.

"ऐकू आली मला. मारलीत ना हाक?" तिने विचारलं.

"हो," मी म्हटलं.