पन्नाशीत जायचं ठरवलेला पिंजारी

आमच्या घराण्यात पुरुषांना केस पांढरे व्हायला सवड मिळत नसे. आजोबा चाळिशीत गेले, चाचा त्याच सुमारास, अब्बा पन्नाशीच्या अलीकडे. सगळ्यांना छातीनेच नेलं. आम्ही शहाद्याचे पिंजारी. कापूस पिंजायचा, गाद्या-रजया भरायच्या आणि खोकत खोकत जायचं. शाळेत मी गणितात ढ होतो, पण हा हिशेब मात्र लहानपणीच पक्का केला होता: शब्बीर, तुझी मुदत पन्नास.

जाणाऱ्याने आवरून जावं, म्हणून पन्नाशी दिसू लागताच मी घाईला लागलो. लेकीचं, महजबीनचं लग्न तिच्या बी.ए.च्या परीक्षेच्या मधल्या सुट्टीत उरकलं. बिचारीने उरलेले पेपर मेंदीच्या हातांनी लिहिले. दुकान पोराच्या, आफताबच्या हवाली केलं. त्याला मिशीसुद्धा नीट फुटली नव्हती. मग ओळखीपाळखीच्या लोकांकडे जाऊन 'कहासुना माफ करा' म्हणत फिरलो. कळसाडीला रेवजीकडेही गेलो. त्याच्या शेतातला कापूस आम्ही पिढ्यानपिढ्या घेत आलो.

"रेवजीभाऊ, चूकभूल माफ कर. मी जातोय."

"कथा जाई ऱ्हायना?" कुठे निघालास, असं त्याने विचारलं.

"वर."

"वर म्हंजे डोंगरवर, धडगावले?"

मी आभाळाकडे बोट केलं. त्याने मान वर करून आभाळ बघितलं आणि म्हणाला, "मंग चहा पी, मंग जाय."

पुढे खोकला सुरू झाला, तेव्हा खोटं कशाला बोलू, मला थोडं समाधानच वाटलं. हिशेब बरोबर निघाला होता. माझी बायको सालेहा मात्र मला ओढतच सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. थुंकी तपासली, टीबी निघाला. अब्बांनाही बहुधा हाच असावा, पण त्यांची थुंकी कुणी तपासली नव्हती. तिथल्या नर्स सरलाबाई रोज समोर उभ्या राहून गोळ्या गिळायला लावायच्या.

मी म्हटलं, "बाई, माझ्यावर गोळ्या कशाला वाया घालवता? माझं ठरलेलं आहे."

"असेल ठरलेलं. आधी तोंड उघडून दाखवा, गोळी गेली का."

सहा महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, बरे झालात. मी विचारलं, "मग आता?" ते म्हणाले, "आता घरी जा."

घरी जाऊन काय करू? दुकान मीच देऊन टाकलेलं. आफताबने तिथे पिंजायचं नवं यंत्र बसवलं होतं आणि मला उंबऱ्याच्या आत येऊ देत नव्हता. "अब्बा, धूळ आहे," म्हणायचा. गावात ज्यांची माफी मागून बसलो होतो ते सगळे रोज समोर यायचे. त्यातल्या दोघातिघांशी मला पुन्हा भांडायचं होतं, पण तोंडच राहिलं नव्हतं. एकदा एसटी स्टँडवर रेवजी भेटला. चार माणसांत ओरडला, "काय रे, तू त वर जानार व्हता ना? एसटी चुकनी का?"

मग मी मुदत वाढवत गेलो. पंचावन्न म्हटलं, ती टळली. साठ म्हटलं, तीही टळली. पासष्टीला मी घरात चिडचिड करू लागलो. गणित कुठे चुकलं तेच कळेना. एक दिवस भाकऱ्या थापता थापता सालेहाने विचारलं, "आफताबचे अब्बा, तुमच्या फूफी किती वर्षांच्या होऊन गेल्या?"

"अब्बांच्या त्या बहीण? नव्वदीला टेकल्या होत्या."

"आणि अम्मी?"

"ऐंशीच्या पुढे."

"मग त्या काय शेजारच्या घरातल्या होत्या?"

तिने भाकरी उलटली आणि आवाज खाली आणला. "आणि तुमच्या पाठची ती तीन? त्यांना कुणी मोजलं?"

ती तीन म्हणजे माझी भावंडं. एकही चालायला लागेपर्यंत राहिलं नाही. त्या काळी कुठल्याच घरात त्याची फार चर्चा होत नसे. पुढचं मूल व्हायचं आणि कामं चालू राहायची. मी इतकी वर्षं आमच्या घराण्याच्या आयुष्याचा अभ्यासक म्हणून मिरवलो आणि मोजले फक्त मिशीवाले. ज्या भरपूर जगल्या त्या सोडल्या, जी जगलीच नाहीत तीही सोडली. त्या दिवशी मी जेवलो नाही. सालेहाला वाटलं रागावलो.

पुढे मीच आफताबला म्हटलं, मला पिंजलेला कापूस घरी पाठव, लहान बाळांच्या गाद्या मी शिवतो. अब्बांनी अशी गादी एकदाही शिवली नसेल. कुणी मागतच नसे. बाळ आईच्या जुन्या लुगड्यावर निजायचं. मूल टिकेल की नाही याचाच भरवसा नसायचा, त्याला गादी कोण करणार? आता बाळंतीण दवाखान्यातून सुटायच्या आत नवऱ्याचा फोन येतो आणि वर फर्माईश, कापडावर हत्ती पाहिजेत. माझी टीप वाकडी जाते. सालेहा उसवून पुन्हा घालते आणि मला ऐकवते.

गेल्या हिवाळ्यात हिरीबाई आली. धडगावकडची, ऊसतोडीला कळसाडीत उतरलेली. पदराआड बारा-पंधरा दिवसांची मुलगी. तिला गादी पाहिजे होती.

"उद्या घेऊन जा," मी म्हटलं.

ती म्हणाली, "आत्ता नको बाबा. महिनाभर जाऊ दे. मागचं गेलं."

शहाद्यात मी सत्तरी ओलांडून बसलो होतो आणि तिकडे वरच्या गावात अजून महिनाभर थांबून बघावं लागत होतं. मी मापाची टेप उचलली आणि म्हटलं, "मी स्वतःचा हिशेब केला होता, तो वीस वर्षांनी चुकला. तू हिशेब करू नको. सरलाबाई म्हणून एक बाई आहेत, आता रिटायर झाल्यात. त्यांना घेऊन आपण आधी दवाखान्यात जाऊ. गादी मी आजच शिवतो."

सरलाबाई आल्या. पोरीचं वजन झालं, लसीची सुई झाली. काम बुडतं म्हणून टोळीचा मुकादम कुरकुरला, तेव्हा रेवजीने त्याला गप्प केलं. दवाखान्यातून आल्यावर मी जागचा न हलता गादी शिवली आणि हिरीबाई ती डोक्यावर घेऊन गेली.

उसाचा हंगाम संपून टोळी परत निघाली, तेव्हा ती आमच्या घरी आली. कडेवर पोरगी आणि हातात गादी, पायाच्या बाजूने उसवलेली.

"लाथा मारती," हिरीबाई म्हणाली. "शिवण कच्ची शे तुमची."

सालेहा आतून मोठ्याने हसली. मी सुई ओवायला घेतली.