ड्रायव्हर म्हणजे कोण

मेंढरं विकून मी पिकअप घेतली, तेव्हापासून जन्मभर मेंढरं हाकणारे माझे वडील, म्हणजे आबा, त्या गाडीत एकदाही बसले नव्हते. आमच्या निमगाव सावा गावात कुणी विचारलं, पोरगं काय करतंय, तर तोंड वाकडं करून म्हणायचे, "लोकांचं वझं व्हातंय." मला लई लागायचं. कांदा भरून निघालो की दारात येऊन "बेतानं जा" एवढं तरी म्हणावं की नाही माणसानं!

परवाच्या रविवारी माझी पोरगी अभ्यासाला बसली होती. कॉलेजात तिला रोजच्या वापरातल्या एका इंग्रजी शब्दाचं मूळ शोधायला सांगितलं होतं. माझ्यासाठी तिनं 'ड्रायव्हर' निवडला आणि जेवताना वाचूनच दाखवायला लागली. ड्राइव्ह म्हणजे मुळात हाकणं. मोटारी निघायच्या कितीतरी शतकं आधी इंग्रजीत गुरं-मेंढरं हाकणाऱ्याला ड्रायव्हर म्हणत. घोडागाडीवाले, मोटारवाले हे सगळे मागून आले.

"म्हणजे आबा, आधीचे ड्रायव्हर तुम्ही!" ती म्हणाली. मला तर ऐकूनच लई भारी वाटलं.

आबांचा घास हातातच राहिला. "कुणी लिवलंय हे?"

"डिक्शनरीत आहे."

"हं," म्हणाले आणि उठून हात धुतले. झालं, मी मनात म्हटलं, संपला विषय.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर खांद्यावर घोंगडी टाकून आबा गाडीत पुढच्या सीटवर बसलेले! मी नुसती गाडी चालू केली. बोललो असतो तर उतरले असते.

आळेफाट्याला हॉटेलपाशी थांबलो. उतरून सवयीनं गाडीभोवती फेरी मारली. प्रत्येक टायरवर थाप, प्रत्येक दोराला हात. बाकीचे गाडीवाले यावरून मला छळतात, "दृष्ट काढतो का राव गाडीची?" पण माझा हात राहत नाही. मुक्कामाला पोचलं की आबा असंच करायचे. नुसतं मोजून त्यांचं भागायचं नाही. एकेका मेंढराच्या पाठीवरून हात फिरवल्याशिवाय ते खाली टेकायचे नाहीत.

आबा खिडकीतून बघत होते.

"कुणी शिकवलं रं तुला हे?"

"तुमीच की."

त्यांनी तोंड फिरवलं आणि उगाच घोंगडी सारखी केली.

चहाला बसलो तर शेजारच्या ट्रकवाल्यानं त्यांना सहज विचारलं, "पावणं, काय करता?"  आता ते वझं निघणार.

आबा ताठ बसले. "ड्रायव्हर हाय," म्हणाले. मग माझ्याकडं बोट केलं, "आन् ह्यो माझ्याच हाताखाली तयार झालाय."