व्याह्यांचं नेटवर्क

लाज वाटून घेण्याच्या कामात आमच्या व्याह्यांचा हात धरील असा माणूस निगडीपासून राजगुरुनगरपर्यंत तरी मिळायचा नाही, आणि त्याच्या पलीकडचा मुलूख मी फारसा पाहिलेला नाही. स्वतःच्या चुकीची लाज कुणालाही वाटते. यांना दुसऱ्याच्या चुकीची वाटते, आणि चूक कुणाचीच नसली तर नुसत्या योगायोगाचीही वाटते. बसमध्ये कंडक्टरकडे सुटे नसले की हे खिडकीबाहेर तोंड करून बसतात. आमच्या घरी आले आणि तेवढ्यात लाइट गेली तर "माझ्या येण्यानंच झालं वाटतं" म्हणून चपला शोधायला लागतात. माझ्या मुलासाठी मुलगी बघायला आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो तेव्हा माझ्या हातून पोह्यांची बशी सुटली आणि फुटली. माफी कुणी मागावी? त्यांनी. "बशीच जरा गुळगुळीत होती," म्हणाले, आणि बाकीच्या बशा आत नेऊन ठेवल्या. बाहेर पडल्यावर आमचे थोरले बंधू, ज्यांना सगळी मोशी आप्पा म्हणते, माझ्या कानाशी लागले, "माणूस लई भला हाय रं. पण व्याही म्हणून ह्याच्याशी भांडायचं कसं?"

हे गृहस्थ मूळचे लातूरकडचे. तरुणपणी पिंपरीच्या एका कंपनीत मेंटेनन्सला लागले, तिथूनच निवृत्त झाले आणि निगडीला प्राधिकरणात राहतात. आम्ही मोशीचे, पिढ्यान्‌पिढ्यांचे. शेत होतं तिथं आता बारा मजले उभे आहेत आणि आम्ही दोघा भावांनी चाकणला वर्कशॉप टाकलंय. खाली वायरकट मशीन आहे, म्हणजे केसाएवढ्या तारेनं पोलाद कापणारं. वर पोटमाळ्यावर ऑफिस. गिऱ्हाइकाकडून ड्रॉइंग आलं की त्याची मशीनला समजेल अशी फाईल करायचं काम ऑफिसात आमची सूनबाई करते, म्हणजे यांची मुलगी. मुलीच्या घरी पाणीसुद्धा प्यायचं नाही ही जुनी रीत व्याह्यांना अजिबात मान्य नाही. ती कशी चुकीची आहे हे ते समोरच्याला पाचदहा मिनिटं पटवून देतात, आणि पटवून झालं की पिशवीतून बाटली काढून निगडीहून आणलेलं पाणी पितात. वर्कशॉपवर मात्र चहा घेतात. वर्कशॉप हे घर नव्हे असा तोडगा त्यांनी स्वतःच काढला आहे आणि त्यावर कुणी बोललेलं त्यांना चालत नाही. विनाकारण मुलीच्या सासरच्या दारात उभं राहायचं नाही, हा मात्र त्यांचा खरा नियम. कारण पाहिजे. कारण नसलं तर ते मोशीवरून जाताना स्कूटरचा वेगसुद्धा कमी करत नाहीत.

असं एक कारण त्यांना आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरनं दिलं. त्या कॉम्प्युटरवरचं विंडोज अर्थातच कुणीतरी फुकटात टाकून दिलेलं होतं. पडद्याच्या कोपऱ्यात, ही प्रत अस्सल नाही, अशी एक फिकट ओळ कायम असायची. आम्ही तिच्याकडे भिंतीवरच्या पालीइतकंच लक्ष द्यायचो. व्याह्यांची नजर तिच्यावर पडली आणि त्यांनी मान फिरवली. आमची अशी उघडी पडलेली अब्रू त्यांना बघवेना. निवृत्तीनंतर त्यांना विंडोजच्या जागी बसणाऱ्या लिनक्सचा नाद लागला होता. ते फुकट असतं आणि चोरीचं नसतं, या दोन गोष्टी एकाच वस्तूत सापडल्याचा त्यांना झालेला आनंद अजून ओसरलेला नाही. नातेवाइकांकडे हे आले की लोक लॅपटॉप कपाटात ठेवतात, नाहीतर जेवण होईपर्यंत त्याच्यावर लिनक्स बसलेलं असतं. आमच्याकडे त्यांनी परवानगी मागितली, तीही अशा खालच्या आवाजात की मी आधी हो म्हणालो आणि मग कशाला ते विचारलं. दोन दिवसांत कॉम्प्युटर इमानदार झाला. खाली मशीनला जोडलेला कॉम्प्युटर मात्र तसाच राहिला. तो मशीनबरोबरच आलेला, त्याच्यावरचं विंडोज फार जुनं, पण अस्सल. आणि मशीनचा प्रोग्रॅम दुसऱ्या कशावर चालतच नाही.

इथून पुढे आमच्या वर्कशॉपचं वाटोळं सुरू झालं. पूर्वी सूनबाई वरच्या कॉम्प्युटरवर एका शेअर्ड फोल्डरमध्ये फाईल टाकायची आणि ती खालच्या कॉम्प्युटरवर आपोआप दिसायची. आता दिसेना. व्याही रोज येऊ लागले. त्यांनी वायर बदलली, दोन्हीकडची नावं बदलली, पासवर्ड ठेवून पाहिला, काढून पाहिला. खालचा कॉम्प्युटर पासवर्ड विचारायचा, दिला की परत विचारायचा, शाळेतल्या एखाद्या बहिऱ्या मास्तरासारखा. "दोघं एकमेकांच्या हाकेला ओ देतात," व्याही सांगायचे, "फक्त दार उघडायलं नाही." आप्पा मशीन चालवतात. ते रोज जिन्याखालून विचारायचे, "पाव्हणं, झालं का?" त्यात खरं तर काही वाईट नव्हतं. आप्पा बायकोलाही स्वयंपाकाबद्दल त्याच आवाजात विचारतात. पण वर खुर्चीत सूनबाई बसलेली असायची आणि तो आवाज तिच्याही कानावर पडायचा. लग्नाला वर्ष झालं नव्हतं तिच्या. एका दुपारी आप्पांनी विचारलं, "झालं का?" आणि वरून उत्तर आलं, "झालं."

आणि खरोखरच झालेलं दिसलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या फाईली खालच्या कॉम्प्युटरवर हजर. आप्पांनी जिलेबी आणली. त्यानंतरही व्याही रोज यायचे. सकाळी आम्ही पोचायच्या आधी सूनबाईबरोबर शटर उघडायला हजर, आणि बऱ्याचदा दुपारच्या चहालाही. "नवीन जोडणी आहे, नजर ठेवावी लागते," म्हणायचे. खाली मशीनपाशी जायचे, फडक्यानं पडदा पुसायचे, वर येऊन मुलीशेजारी बसून चहा प्यायचे. बापलेक फार काही बोलायचे नाहीत. ती काम करायची, हे ती काय करते ते बघत बसायचे. माझ्या एवढं लक्षात आलं होतं की फाईली हल्ली जरा सावकाश पोचतात. सकाळी पाठवलेली दुपारी, दुपारी पाठवलेली दुसऱ्या सकाळी. मी विचारलं तर म्हणाले, "लिनक्स आधी तपासतं, मग सोडतं." मला ते पटलं. कॉम्प्युटरमधलं मला काहीही पटतं.

मग एका सकाळी मी लवकर पोचलो. व्याही मशीनपाशी पाठमोरे उभे होते. त्यांनी चष्म्याचं घर उघडलं, त्यातून पेनड्राइव्ह काढला, कॉम्प्युटरला लावला, दोनचार वेळा टकटक केली, काढला, शर्टाला पुसला आणि पुन्हा चष्म्याच्या घरात ठेवला. मग ते पडदा पुसू लागले. मी दाराबाहेरच्या पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभा राहिलो आणि उगाच फोनवर मोठ्यानं बोलत आत आलो. दोन कॉम्प्युटरांमध्ये काहीही जोडलेलं नव्हतं. जोडणी म्हणजे हे स्वतःच होते. सूनबाई फाईल तयार झाली की निगडीला फोन करायची आणि आमचं नेटवर्क हेल्मेट घालून स्कूटरवरून निघायचं. वर पेनड्राइव्हमध्ये फाईल घ्यायची आणि खाली उतरवायची; हेच सूनबाईनं केलं असतं तर आप्पांनी लगेच विचारलं असतं. मला हसू यायला हवं होतं. ते आलं नाही. त्या दिवशी मला त्यांच्या डोळ्याला डोळा देता येईना. खोटं त्यांनी बोललेलं, पण ते बोलायची वेळ ज्या घरामुळे आली ते घर माझं होतं. बोलून टाकावं असं रोज वाटायचं आणि रोज चहा संपायचा.

ते फार दिवस चालण्यासारखं नव्हतंच. एका गिऱ्हाइकानं ड्रॉइंगमध्ये ऐनवेळी बदल केला. सूनबाईनं भराभर नवी फाईल केली, वडिलांना फोन केला आणि आप्पांना सांगितलं, नवी फाईल येतेय. व्याही निघाले आणि चाकणच्या चौकात अडकले. त्या चौकात कंटेनर आडवा झाला की माणूस स्कूटर सोडून चालत आला तर आधी पोचतो, पण स्कूटर सोडणार कुठे? इकडे आप्पांनी खालच्या कॉम्प्युटरवर बघितलं, त्याच नावाची फाईल दिसली, तीच नवी समजून मशीन चालू केलं. ती जुनी होती. महागाचा ठोकळा चुकीच्या मापात कापला गेला. आप्पा जिना चढून वर आले. "नवी फाईल पाठवली व्हती का न्हाई तू?" सूनबाई उभी राहिली. "आप्पा, माझ्याकडून राहिली," ती म्हणाली. "येतीय म्हनून सांगितलंस की मला." "हो. चुकलं माझं." आप्पा बोलत राहिले. मला सगळं माहीत होतं, आणि मी खिशात हात घालून उभा होतो.

व्याही जिन्याच्या वरच्या पायरीवर कधी येऊन थांबले ते कुणालाच कळलं नाही. डोक्यावर हेल्मेट तसंच. "फाईल पोरीनं केव्हाच तयार ठेवलेली," ते म्हणाले. "खाली मी न्यायची होती. तुमचं ते नेटवर्क जोडलंच गेलेलं नाही, आप्पा. झालं म्हणालो ते खोटं. मीच ने-आण करायलोय." त्यांनी चष्म्याचं घर उघडून पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला. आप्पा त्याच्याकडे बघत राहिले. "रोज?" "रविवार सोडून." "निगडीवरनं?" "हो." आप्पांनी पेनड्राइव्ह उचलला आणि परत टेबलावर ठेवला. शेवटी ते म्हणाले, "पाव्हणं, हेल्मेट तरी काढा."

हेल्मेट काढल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. बिघाड कशात आहे ते त्यांना मागेच सापडलं होतं. खालच्या विंडोजला फाईली देण्या-घेण्याची एकच जुनी पद्धत येते. वरच्या लिनक्सलाही ती येते, पण त्या वाटेनं व्हायरस शिरतात म्हणून त्यानं ती बंद करून ठेवलेली असते. एक ओळ लिहिली की सुरू होते. "मग लिहायची की," मी म्हणालो. "दुसऱ्याच्या घराची कडी काढायची तर विचारून काढावी लागते," व्याही म्हणाले, "आणि विचारायचं तर अजून झालेलं नाही हे सांगावं लागतं." आप्पांनी डोक्यावरून हात फिरवला. "काढा कडी. काय हुईल ते आमी बगू." व्याह्यांनी खालच्या मशीनचं इंटरनेट तोडून टाकलं, वरच्या कॉम्प्युटरला दुसरं एक कार्ड लावून फक्त त्या दोघांपुरती वेगळी वायर टाकली आणि ती एक ओळ लिहिली. सूनबाईच्या फाईली खालच्या पडद्यावर एकाखाली एक येऊन उभ्या राहिल्या. कुणी जिलेबी आणली नाही. काम इतकं थोडक्यात झालं याचीच व्याह्यांना जास्त लाज वाटत होती. आप्पांनी गिऱ्हाइकाला मशीन बिघडलंय म्हणून सांगितलं. माफी मागायची सवय आमच्या घरात नाही. ते बाहेर गेले आणि सूनबाईच्या टेबलावर गरम वडापाव आणून ठेवला. दोन आणले होते. व्याह्यांनी आपला खाल्ला.

दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. काम उरलं नव्हतं. आता फाईल डोळ्याचं पातं लवायच्या आत खाली जाते, आणि आप्पासुद्धा त्या फाईलला कधी नावं ठेवत नाहीत. सूनबाई सकाळी एकटीच शटर उघडते. तिनं वडिलांना यायला सांगून पाहिलं असणार. शेजारच्या खुर्चीवर हळूहळू ड्रॉइंगांचे गठ्ठे जमायला लागले. एका दुपारी चहा आला, तिनं सवयीनं कप बाजूला सरकवला, मग ओढून घेतला. मी तिथूनच निगडीला फोन लावला. "पाहुणे, फाईल जाईना बघा."

"काय मेसेज येतोय?" त्यांचा आवाज एकदम ताजा झाला. "इंग्रजीत असंल तर इंग्रजीत, जसाच्या तसा वाचा."

मी पडद्याकडे बघितलं. फोल्डर उघडा होता. सगळ्या फाईली जागच्या जागी होत्या. मेसेज कसला येणार? सूनबाई काम थांबवून माझ्याकडे बघत होती. मी काहीच वाचेना. मग पलीकडून त्यांनी विचारलं, "पोरगी बरी आहे ना?"

"बरी आहे. इथंच आहे समोर."

"मग चालायलंय सगळं," ते म्हणाले आणि माझी अडचण व्हायला नको म्हणून त्यांनीच फोन ठेवला. मला फक्त, चहाला या, एवढंच म्हणायचं होतं. ते लाजेपायी माझ्या तोंडून निघालं नाही.