बरा पाय आधी

माझी बायको आमच्या घराच्या पायरीवर पडली, ती स्वतःच्या चुकीने नव्हे. तिला चुकीचा पाय टाकायला मी लावलं. हे तिला आणि मला सोडून कुणालाही ठाऊक नाही. मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तीस सालच्या आगेमागची गोष्ट. पोफळीच्या बागेत शेवाळावर घसरून तिच्या उजव्या मांडीचं हाड मोडलं. रत्नागिरीच्या इस्पितळात पायाला वजनं टांगून ती तीन महिने उताणी होती. पडून पडून छातीत कफ धरला, तेव्हा तिथल्या नर्सबाईंनी तिला श्वास घ्यायला शिकवलं. नाकाने सावकाश भरून घ्यायचा, ओठांचा चंबू करून त्याहून सावकाश सोडायचा. "गरम पेज फुंकतेस ना, तशी. पण वाटीतली पेज सांडता कामा नये हो."

मग कुबड्या. मी शिवणीच्या हलक्या लाकडाच्या करवून घेतल्या, काखेच्या जागी काथ्या भरला, टोकांना सायकलच्या टायरचे तुकडे ठोकले. पायऱ्यांचा नियम नर्सबाईंनी आम्हा दोघांकडून पाढ्यासारखा म्हणवून घेतला: चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा आधी. "विसरलात तर परत माझ्याचकडे याल," म्हणाल्या.

मी विसरलो नव्हतो. तेच तर सांगतोय.

बैलगाडी दारात थांबली तेव्हा आई भाकरतुकडा घेऊन उभी होती आणि अर्ध्या वाडीच्या बायका अंगणात. जांभ्याच्या तीनच पायऱ्या. बायकोने कुबड्या रोवल्या आणि डावा पाय उचलला.

"अगो बायो, डावा?" आई ओरडली. "तीन महिन्यांनी घरात येत्येस, उजवा पुढे टाक, उजवा!"

"इस्पितळात साहेबी चाल शिकवली वाटतं," शेजारची म्हणाली. बायका हसल्या.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी एक शब्द बोललो असतो तर पुरे होतं. पण चारचौघींत आईचा शब्द खाली पाडायची मला लाज वाटली. मी तिच्या कानाशी म्हटलं, "टाक उजवा. एकदाच."

तिने टाकला. अंगाचा भार त्यावर आला आणि ती कुबड्यांसकट मागे कोसळली. हाड जुन्याच जागी मोडलं.

"पाय नीट उचलला नाहीन् तिने," आई म्हणाली. सगळ्यांनी तेच धरलं. मीही होकाराची मान हलवली.

पुन्हा तीच खाट, तीच वजनं. नर्सबाईंनी विचारलं, "कुठला पाय आधी टाकलास?" मी शेजारी उभा. बायको म्हणाली, "उजवा. माझंच चुकलं." पाय दोन बोटं आखूड राहिला.

दुसऱ्यांदा घरी आली तेव्हाही भाकरतुकडा होता, बायका होत्या. पायरीशी थांबून ती आईला म्हणाली, "तुम्ही ओवाळा, सासूबाई. पाय मात्र मी टाकीन तो." आणि डावा पाय टाकून वर गेली. आईने तोंड फिरवलं. बायको मागे वळून बघायला थांबली नाही.

रोज सकाळी पडवीत बसून ती श्वासाचा व्यायाम करी. वाटेने जाणारी एखादी विचारी, "काय गो वहिनी, समुद्र पिऊन टाकत्येस की काय?"

"पेज निवत्ये. येत्येस जेवायला?"

पुढच्या वर्षी ती एकटी पाखाडी उतरून बाजारात गेली. दगडी पायऱ्यांची ती वाट उतरताना प्रत्येक पायरीला मोठ्याने म्हणे, "दुखरा आधी." येताना "बरा आधी." लोक हसले, तिने आवाज वाढवला. परत आली तेव्हा घामाने भिजलेली होती आणि पिशवीत बांगडे होते.

आता मीही घरात डावा पाय आधी टाकतो. पुरोहितांसमोर टाकतो, व्याह्यांसमोर टाकतो. ज्याला अपशकुन वाटेल त्याने आमच्याकडे येऊ नये. शकुन सांभाळून जे झालं ते मी पाहिलंय.

आई गेली. सुनेचाच पाय चुकला असं तिला शेवटपर्यंत वाटत राहिलं, आणि मी वाटू दिलं. वाडीला आज हे लिहून सांगतोय. वाडीने वाचावं आणि काय म्हणायचं ते म्हणावं.

बायकोची माफी मात्र मी अजून मागितलेली नाही. ती मागायची आहे.